एसटीचं वेळापत्रक, एआय आणि अप्लाइडची पोरं

बोरू:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागाच काढते. मी एका अप्लाइड आर्ट (उपयोजित कला, म्हणजे जाहिरात, पुस्तकं, पाट्यांचं डिझाइन) कॉलेजात टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची निवड आणि मांडणी शिकवते, व्हिजिटिंग म्हणून, म्हणजे तासाप्रमाणे पैसे आणि स्टाफरूममध्ये पंख्यापासून लांबची खुर्ची. सध्या आमच्याकडे एकच वाद चालूय, असाइनमेंटमध्ये एआयने काढलेली इमेज चालवायची का नाही. एका गटाचं म्हणणं सरळ बंदी घाला, दुसरा गट म्हणतो बाहेर एजन्सीत सगळे वापरतात मग इथे काय सोवळं पाळायचं. आणि दोन्ही गट भाषण ठोकताना शेवटी येतात तिथेच, की विद्यार्थी ॲडॅप्टेबल पाहिजे, ओपन माइंडेड पाहिजे वगैरे.

मला यात भलतंच काहीतरी खटकतं. टूल पोरं शिकतातच हो, आपण शिकवलं नाही तरी यूट्यूबवर शिकतात. त्यांचं अडतं कुठे तर पहिली सुचलेली आयडिया हातातून सुटत नाही. जे पहिल्यांदा पिंटरेस्टवर आवडलं तेच शेवटपर्यंत घासायचं, करेक्शनला आलं की सर, फक्त फॉन्ट बदलू का.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. थर्ड इयरला असाइनमेंट दिली होती, एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या बोर्डाचं रीडिझाइन. एका मुलीने फार सुंदर केलं होतं, ग्रिड (मांडणीच्या आखलेल्या चौकटी) चोख, साधी-निमआराम-शिवशाहीला वेगवेगळे रंग, सुटण्याची वेळ ठळक, आजूबाजूला भरपूर मोकळी जागा. मी म्हटलं छान आहे, आता याची मोठी प्रिंट काढ आणि साताऱ्याच्या स्टँडवर जाऊन उभी राहा. गेली बिचारी. दुपारी फोन, मॅडम लोकांना वाचताच येत नाही. म्हटलं काय झालं ते नीट सांग. तर झालं असं की एक आजी गोंदवल्याला निघालेल्या. त्यांनी बोर्डावर गोंदवलं शोधलं, सापडेना, कारण गाडी पंढरपूरची आणि बोर्डावर शेवटचं गाव लिहिलेलं. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवलं सगळं त्या एका 'पंढरपूर'च्या पोटात. आजी सरळ चौकशीच्या खिडकीत गेल्या. त्यांच्या मागोमाग एक कॉलेजचा मुलगा, त्याला सगळं वाचता येत होतं तरी तोही खिडकीतच, कारण गाडी गेली का यायचीय हे बोर्ड सांगत नाही.

पोरगी आठवडाभर माझ्यावर फुगून होती. मग तिने ते सुंदर वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि वेगळंच काहीतरी आणलं. गावांची अकारविल्हे यादी, प्रत्येक गावापुढे फलाट नंबर, वेळा बारीक अक्षरात. मधली सगळी गावं घेतलेली, अगदी फाट्यांसकट. दिसायला पहिल्याच्या निम्मंही देखणं नाही. ज्युरीला एका परीक्षकाने विचारलं, यात डिझाइन कुठंय?

तर माझा प्रश्न असा की हे, म्हणजे प्रश्नच चुकीचा धरला होता हे कळल्यावर केलेलं काम टाकून देणं, हे वर्गात शिकवता येतं का? मी सध्या एक उद्योग करते, प्रत्येकाने तीन रफ करायचे आणि त्यातला स्वतःचा सगळ्यात लाडका लेआउट शेजारच्याला देऊन टाकायचा, शेजाऱ्याचा आपण फिनिशपर्यंत न्यायचा. वर्गात अक्षरशः शिव्या बसतात मला. तुमचं मत सांगा, डिझाइनवाले नसाल तरी.

चहाटळ:
धागा आवडला. ज्युरीतल्या त्या परीक्षकांना एकदा गोंदवल्याला एसटीनेच पाठवा.

फ्लेक्सवाला:
बोरू ताई, मी तालुक्याच्या गावी फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान चालवतो, त्यामुळे हे वाचून हसावं का रडावं कळेना. तुमचा तो लेआउट शेजाऱ्याला द्यायचा प्रकार आमच्याकडे रोज होतो, एक ऑपरेटर सकाळी सुट्टीवर जातो, त्याची अर्धी फाइल दुसरा उघडतो आणि कपाळाला हात लावतो. लेयरला नावं नाहीत, फोटो लिंक तुटलेले, फॉन्ट आउटलाइन न करता पाठवलेले.

तुमच्याकडून डिग्री घेऊन आलेली पोरं मी ठेवून बघितलीत. हात चांगला असतो, रंगाची समज असते, नाय म्हणत नाही. पण पहिल्याच दिवशी गाडी अडते कुठे सांगू का. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं, तो युनिकोडमध्ये. आमचा सगळा जुना माल श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडशी न जुळणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. पोरगं मजकूर कॉपी करून कोरलमध्ये पेस्ट करतं, श्रीलिपीचा फॉन्ट लावतं आणि चौकोन नायतर भलतीच चिन्हं दिसतात. आता एक तर कन्व्हर्टरमधून काढायचा, नाहीतर युनिकोडचा फॉन्ट घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे. पण ते पोरगं काय करतं तर परत अख्खा मजकूर टाइप करायला बसतं, आणि टाइप करताना नगराध्यक्षाच्या आडनावात चूक. मग फ्लेक्स फुकट, वर शिव्या मला.

मी स्वतः ब्रोमाइड, म्हणजे फोटोपेपरवर काढलेला मजकूर कापून चिकटवण्यापासून सुरुवात केलीय. रबर सोल्युशनचा वास अजून नाकात आहे. मग पेजमेकर आलं, मग कोरल, आता पोरगी म्हणते पप्पा कॅनव्हा बघा. कुणी मला ॲडॅप्टेबल व्हा म्हणून लेक्चर दिलं नव्हतं, दुकानाचं भाडं होतं.

थर्ड_इयर_चालू_आहे:
मी विद्यार्थी, दुसऱ्या कॉलेजचा. बोरू मॅडम रागावू नका पण थोडं आमच्या बाजूने पण लिहितो. ओपन राहा ओपन राहा सगळे सांगतात पण ओपन राहायचं ते नक्की कुणापुढे? सोमवारी एका सरांकडून करेक्शन घेतलं, ते म्हणाले टाइप मोठा कर, हेडलाइन श्वास घेत नाहीये. बुधवारी दुसऱ्या मॅडम, टाइप एवढा मोठा का, ओरडतोय. शुक्रवारी एचओडी आले त्यांनी कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाले कॉन्सेप्टच नाहीये. रविवारी रात्रभर बसून मी तिघांना थोडं थोडं आवडेल असं केलं आणि ते कुणालाच आवडलं नाही. आता यात मी ॲडॅप्टेबल झालो का मठ्ठ झालो?

आणि अजून एक, आमच्याकडे ज्या सरांची जी स्टाइल त्या स्टाइलचं काम केलं की मार्क पडतात हे फर्स्ट इयरच्या पोरांना पण माहितीये. सिनियर ॲडमिशनच्या दिवशीच सांगतात, अमुक सरांना कॅलिग्राफी घाल, तमुक सरांना ब्लॅक अँड व्हाइट फोटो घाल. मग आम्ही आयडियेला का चिकटतो विचारताय? कारण सातवेळा बदलून मार्क कमीच आलेत, निदान आपली आयडिया तरी राहूदे.

लेआउट शेजाऱ्याला द्यायचं चांगलं आहे पण मार्क कुणाला?

बोरू:
@थर्ड_इयर, रागावले अजिबात नाही. मार्क दोघांना देते, रफ करणाऱ्याला रफचे आणि फिनिश करणाऱ्याला फिनिशचे. तिघांच्या करेक्शनबद्दल मात्र बोलायलाच हवं. 'मोठा कर' हे करेक्शन नव्हेच, ती आवड झाली. शिक्षकाने सांगायला हवं काय दिसत नाहीये, कुणाला दिसत नाहीये. पुढच्या वेळी तिघांनाही विचार, 'सर, हे कुणी वाचायचंय आणि किती लांबून?' बघ तिघांची उत्तरं किती जवळ येतात.

निळी_शाई:
या विषयावर लिहायचा मोह आवरत नाही, म्हातारा झालो असलो तरी. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला १९३५ मध्ये आणि १९६१ ला उपयोजित कला संस्था वेगळी झाली. म्हणजे विषयाचं नावच एकदा बदललंय, कमर्शियलचं अप्लाइड. आम्ही शिकलो तेव्हा पोस्टर कलरचा फ्लॅट वॉश एकाही डागाशिवाय द्यायचा, रुलिंग पेनने रेघ मारायची, ती जरा फुटली की नवा कार्ट्रिज पेपर. कॉम्प्युटर आले तेव्हा आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी कलेचा मृत्यू जाहीर केला होता, आज एआयबद्दल करतात तसाच.

पण त्याच काळातला एक माणूस बघा, र. कृ. जोशी. जाहिरातीत मोठं काम केलेले, बोरूच्या लेखणीने कॅलिग्राफी करणारे, पुढे पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन विभागात प्राध्यापक. हाताच्या अक्षरावर एवढी हुकमत असलेल्या माणसाने कॉम्प्युटरला नाक मुरडलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. त्यांनी उलट देवनागरीच्या फॉन्टमध्ये उडी घेतली. विंडोजमधला मंगल फॉन्ट तुम्ही सगळ्यांनी वापरलाय, वर्षानुवर्षं सरकारी पत्रं त्याच्यात टाइप होतायत, तो त्यांचा. २००८ ला गेले.

आणि दुसरे कमल शेडगे. मराठी नाटकांच्या जाहिरातीतली शीर्षकं. पेपरात नाटकांचं पान उघडलं की त्यांची अक्षरं दिसायची. शेडग्यांची अमुक एक स्टाइल म्हणून दाखवा बघू. नाटक फार्स असेल तर अक्षर फार्स करायचं, नाटक गंभीर असेल तर अक्षर गप्प. २०२० मध्ये तेही गेले. थर्ड इयरच्या मुलाने सरांच्या स्टाइलचं लिहिलंय म्हणून आठवलं.

उगाच_शंका:
धागा वाचतोय आणि जरा विरोधी सूर लावतो, कृ. ह. घ्या. हे 'मोकळं डोकं' प्रकरण मला धोक्याचं वाटतं. मोकळं म्हणता म्हणता रिकामं होतं. आधी मुलाला काहीतरी पक्कं यायला हवं, मग ते मोडायचं. फाउंडेशनच्या वर्षात कलर व्हील करायचा कंटाळा आणि थेट 'माझा अप्रोच एक्स्पेरिमेंटल आहे'.

स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या डिझाइन स्कूलचं उदाहरण घ्या. स्विस टायपोग्राफी म्हणजे सगळं कसं कडक, ग्रिडमध्ये, सान्स सेरिफ (टोकांना शेपट्या नसलेली साधी अक्षरं). तिथे हॉफमन आणि रुडर शिकवायचे. त्यांच्याकडे वोल्फगांग वाइनगार्ट नावाचा पोरगा शिकायला आला आणि या शिस्तीला कंटाळून अक्षरं वाकवायला, फोडायला, एकावर एक चढवायला लागला. आपल्याकडे असता तर इंटर्नल मार्कातच गेला असता. तिथे काय केलं तर १९६८ मध्ये त्यालाच टायपोग्राफी शिकवायला नेमलं! पण लक्षात घ्या, वाइनगार्ट मुळात छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचं काम शिकून आलेला होता. खिळा कुठे वाकतो, किती ताण घेतो हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं म्हणून मोडतोड जमली. त्याच्याच वर्गात बसलेली एप्रिल ग्राइमन पुढे अमेरिकेत जाऊन मॅक वापरणाऱ्या पहिल्या काही डिझायनरांपैकी झाली, तेव्हा बाकीचे त्या मशीनला खेळणं म्हणत होते.

त्यामुळे बोरू यांना माझा प्रश्न, ती एसटीवाली मुलगी ग्रिड येत असल्यामुळेच यादी नीट करू शकली ना? ज्याला ग्रिडच येत नाही त्याने सहाशे गावांची यादी केली असती तर काय झालं असतं?

बोरू:
हो, मान्य. तिच्या यादीत रांगा सरळ होत्या, ओळींमधलं अंतर विचार करून ठेवलेलं होतं, म्हणून तर ती दुरून वाचता आली. माझं म्हणणं एवढंच की हॉफमन-रुडरचा वाइनगार्टला नेमण्याचा भाग आपण विसरतो आणि कडक शिस्तीचा तेवढा उचलतो. तुम्ही म्हणता आधी पक्कं करा मग मोडा, पण आपल्याकडे चार वर्षं पक्कंच करत बसतात, मोडायचं सेमिस्टर येतच नाही.

निळी_शाई:
हॉफमन अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत)ही शिकवून गेले होते, साठच्या दशकात. अवांतर आहे, पण राहवलं नाही.

कीबोर्ड_कोकणी:
मी बेंगळुरूत प्रॉडक्ट डिझाइन, म्हणजे ॲप-वेबसाइटचं डिझाइन करते, मूळची रत्नागिरीची, शिकले अप्लाइडच. आमच्या सिलॅबसमध्ये फ्लॅश हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर होतं, त्यात टायमलाइनवर फ्रेम बाय फ्रेम चेंडू उडवायचा. मी त्यातल्या ॲक्शनस्क्रिप्ट या कोडिंगपर्यंत पोचले होते, बायोडेटात ठळक अक्षरात लिहिलेलं. २०१० ला ॲपलने फोनवर फ्लॅश चालवणार नाही म्हणून जाहीर केलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला मालक कंपनी अडोबीनेच बंद करून टाकलं. माझ्या बायोडेटातली ती ओळ वारली. पण त्या चेंडूचं उडणं, खाली येताना वेग वाढतो, आपटल्यावर चपटा होतो, वर जाताना मंदावतो, ते अजून रोज वापरते, बटण दाबल्यावर मेनू कसा सरकून यायला हवा ते ठरवताना.

आणि आता ज्याच्यात काम करते त्या फिग्माला (स्क्रीन डिझाइनचं सॉफ्टवेअर) अडोबी २००० कोटी डॉलरला घेणार होती, २०२३ च्या शेवटी तो व्यवहार मोडला. म्हणजे कुठलं टूल उद्या कुणाचं असेल, असेल का नसेल, काही सांगता येत नाही. त्यामुळे कॉलेजने सॉफ्टवेअरचे पेपर काढूनच टाकावेत असं माझं मत झालंय. फ्लेक्सवाले काका ओरडतील पण.

अजून एक राहिलं. पोर्टफोलिओ बघताना मला फिक्कट राखाडी अक्षरांचा फार राग येतो. पांढऱ्यावर राखाडी, बारीक, 'क्लासी' दिसतं म्हणून. वेबसाइटच्या साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा असा जगभर मानला जाणारा नियम आहे, ज्यांची नजर कमी आहे त्यांच्यासाठी. मुलाखतीत विचारलं तर पोरं म्हणतात आमच्या टार्गेट ऑडियन्सचे डोळे चांगले आहेत. टार्गेट ऑडियन्सचे आईबाप पण तेच ॲप उघडतात ना रे.

फ्लेक्सवाला:
ओरडतो की. सॉफ्टवेअर काढून टाका म्हणायला बेंगळुरूत बरं आहे. आमच्याकडे येणारं पोरगं पहिल्या पगारात घरी पैसे पाठवणार असतं, त्याला सोमवारी सकाळी फाइल छापायला सोडता आली पाहिजे. ब्लीड (कापण्यासाठी कडेला सोडायचा जादा भाग) ठेवलं नाही की कडेला पांढरी रेघ येते, स्क्रीनवरचा चकाचक हिरवा छापल्यावर शेवाळ्यासारखा येतो, हे कॉलेजात एकदा तरी हाताने बिघडवून बघितलेलं असावं. थिअरीत आरजीबी-सीएमवायकेची (स्क्रीनचे रंग आणि छपाईचे रंग) व्याख्या पाठ असते सगळ्यांची.

चहाटळ:
फ्लेक्सवाले, भावी आमदारांच्या फोटोतली गर्दी कापायचं ॲडॅप्टेशन पण शिकवता का?

फ्लेक्सवाला:
ते शिकवावं लागत नाही. आधी सोबत होते, आता दुसऱ्या गटात गेले, मूळ फाइल जपून ठेवायची, सहा महिन्यांत परत लागते.

सांगलीकर_आई:
सगळ्यांचं वाचतेय. मुलगी बारावीला आहे, एलिमेंटरी इंटरमिजिएट दोन्ही ए ग्रेडने झाल्यात, अप्लाइडला जायचं म्हणतेय. घरचे म्हणतात एआय आल्यावर कशाला. सीईटीचा क्लास लावलाय तिथे रोज ऑब्जेक्ट ड्रॉइंग आणि मेमरी ड्रॉइंगच्या ठरलेल्या फिगर घोटून घेतात, बसलेला माणूस असाच, छत्रीवाली बाई अशीच. ती कंटाळलीय. काय करावं?

बोरू:
ताई, सीईटीला ते लागतंच, पेपर तसाच असतो, त्यामुळे क्लास सोडू नका. पण क्लासची छत्रीवाली बाई घोटून झाली की तिला रविवारी मिरज जंक्शनवर नाहीतर भाजी मंडईत वही घेऊन बसवा. खरी बाई छत्री खांद्यावर तिरकी टाकते, दुसऱ्या हातात पिशवी असते, पदर वाऱ्याने जातो. एका फिगरला दोन मिनिटं, खोडरबर घरी ठेवायचा. पहिले काही कागद वाईटच येणार, येऊ देत.

एआयबद्दल सांगते, कारण मूळ विषय तोच होता. आमच्या वर्गात मी चालू दिलं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दिलं होतं. एकाने प्रॉम्प्ट टाकून दहा मिनिटांत पणती, आकाशकंदील, नऊवारीतली बाई सगळं आणलं, लांबून एकदम पूर्ण वाटावं असं. शीर्षकही इमेजमध्येच आलं होतं. त्यात जोडाक्षरं अशी की कुठल्याच बाराखडीत नाहीत. वेलांटी दोन अक्षरांच्या मधे लोंबकळतेय, शिरोरेषा मधेच तुटून परत सुरू. हे प्रकार आता बरेच सुधारलेत, मान्य, पण वर्गात गंमत अशी झाली की निम्म्या मुलांना त्यात काही चुकलंय हे दिसलंच नाही. ज्यांनी फर्स्ट इयरला पट्टी आणि बोरूने बाराखडी गिरवली होती त्यांनी लांबूनच सांगितलं की 'क्ष' चुकलाय.

मग सगळ्यांनी शीर्षक टाइप करून वर बसवायचं ठरलं तर इलस्ट्रेटरने दगा दिला. 'दिवाळी'ची पहिली वेलांटी 'द'च्या उजवीकडे आणि 'र्य'चा रफार गळून खाली हलंत. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टाइपखालचे इंडिक ऑप्शन चालू करायचे आणि पॅरेग्राफचा कंपोझर बदलायचा, एवढंच असतं. ते झाल्यावर एक जण म्हणतो, मॅडम हा 'ल' आणि 'श' हिंदीसारखा का येतोय. चांगल्या फॉन्टमध्ये मराठीचे वेगळे ल-श दिलेले असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की येतात, आणि राज्य सरकारने २००९ मध्येच आपली वळणं कुठली ते शासन निर्णय काढून ठरवून दिलंय. पण 'का येतोय' हा प्रश्न विचारला ना त्याने, मला तेवढ्याने दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

तेव्हा सांगलीकर ताई, एवढंच बघा की मुलगी 'असं का' विचारते का. विचारत असेल तर घरच्यांना म्हणावं गप्प बसा.

सांगलीकर_आई:
विचारते, नको इतकं विचारते. मंडईचं सांगते तिला. धन्यवाद.

थर्ड_इयर_चालू_आहे:
मॅडम तुमचं ऐकून सरांना विचारलं, कुणी वाचायचं आणि किती लांबून. एक सर म्हणाले चांगला प्रश्न आहे. दुसऱ्यांनी विचारलं, हे कुठे वाचलंस? एचओडी अजून भेटले नाहीत.

उगाच_शंका:
एचओडींना विचारताना कागद सुलटा धर फक्त.

बोरू:
@फ्लेक्सवाला, एक गंभीरपणे विचारते. आमच्या सेकंड इयरला सुट्टीत महिनाभर कुठेतरी काम करायचं असतं, बहुतेक सगळे पुण्या-मुंबईच्या एजन्सीत जाऊन कॉफी आणून देतात. दोघं-तिघं तुमच्याकडे पाठवले तर चालतील? पगार नको, पण खऱ्या गिऱ्हाईकाशी त्यांनाच बोलू द्यायचं आणि फ्लेक्स बिघडला तर तुम्ही ओरडायचं, मध्ये पडायचं नाही.

फ्लेक्सवाला:
पाठवा की. पगार नको कसा, चहा-नाष्टा आणि वर काहीतरी देईन, फुकटात राबवून घेणारा नाय मी. दुकान सकाळी दहाला उघडतं. फक्त गणपतीच्या आधीचा पंधरवडा सोडून, तेव्हा मलाच माझ्या दुकानात बसायला जागा नसते.